घटनास्थळ ते साक्षीचा पिंजरा: फॉरेन्सिक पथकात कोण काय करतं आणि त्यासाठी अंगी काय लागतं

बारावी सायन्सनंतर फॉरेन्सिककडे वळायचं म्हणणाऱ्या मुला-मुलींच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच माणूस असतो. पांढऱ्या कोटातला हा माणूस घटनास्थळी जाऊन चिमट्याने केस उचलतो, रात्री प्रयोगशाळेत त्याचा डीएनए काढतो आणि सकाळी आरोपीला बोलतं करतो. आपल्या व्यवस्थेत असा माणूस नाही, आणि तो नाही हे बरंच आहे. एका साध्या खुनाच्या तपासालाही कितीतरी जणांचे हात लागतात आणि ते सगळे एका छताखाली बसत नाहीत. नागपूरचंच घ्या. ठाणेदार शहर पोलिसांचे, ठसे तज्ज्ञ सीआयडीच्या अंगुलिमुद्रा विभागाचे, रसायन आणि डीएनए तपासणारे धंतोलीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचे, शवविच्छेदन करणारे डॉक्टर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांचे. खाती वेगळी, वरिष्ठ वेगळे, कामाची घाईही वेगळी.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पुरावा एखाद्याच्या हातात असताना सहसा बिघडत नाही, तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बिघडतो. या क्षेत्रात येणाऱ्याने आपलं काम शिकावंच, पण ते कुठे संपतं आणि पुढच्या माणसाला काय हवं असतं, हेही तितकंच नीट शिकावं. खाली एक काल्पनिक प्रकरण धरून सगळी वाट पायरीपायरीने चालू. मे महिन्यातली सकाळ आहे. आउटर रिंग रोडजवळच्या रिकाम्या लेआउटमध्ये एक माणूस निपचित पडलेला दिसतो आणि कुणीतरी ११२ वर फोन करतं.

पायरी १: सर्वांत आधी पोहोचणारा पोलीस

बीटवरचे दोन शिपाई पाच-दहा मिनिटांत पोहोचतात. त्यांचं पहिलं कर्तव्य जीव वाचवणं हे आहे. श्वास, नाडी बघायची, जराशी शंका असली तरी रुग्णवाहिका बोलवायची. त्या धावपळीत पायांचे ठसे पुसले गेले तर जाऊ द्यावेत. माणूस दगावला आहे हे स्पष्ट असेल तर मात्र देहाला, कपड्यांना, शेजारी पडलेल्या मोबाइलला हात लावायचा नाही.

मग जागा बंद करायची. पट्टी बांधताना नेहमी गरजेपेक्षा मोठा घेर धरावा, कारण घेर नंतर कमी करता येतो, वाढवेपर्यंत त्या जागेवरून पन्नास चपला फिरून गेलेल्या असतात. आत-बाहेर करायला एकच वाट ठरवायची, शक्यतो आरोपीने जी वापरली नसेल अशी. आपण किती वाजता पोहोचलो, तिथे कोण होतं, कोण आत गेलं, काय हललं, हे तिथल्या तिथे वहीत लिहायचं. एखाद्या बाईने माया दाखवून देहावर घरची चादर टाकली असेल तर तेही लिहायचं. त्या चादरीचे धागे आणि केस उद्या प्रयोगशाळेत सापडतील, आणि ते कुठून आले हे कुणाला सांगता येणार नाही.

या भूमिकेला लागणारा गुण म्हणजे माणुसकी न सोडता ठाम राहणं. रडणारे नातेवाईक, नगरसेवक, कॅमेरावाले आणि कधीकधी आपलेच वरिष्ठ आत घुसू पाहतात. साध्या शिपायाला 'साहेब, इकडून नको, त्या वाटेने या' असं म्हणता आलं पाहिजे, आणि वरिष्ठाला ते ऐकता आलं पाहिजे.

पायरी २: तपास अधिकारी आणि पंच

तपास अधिकारी हा पथकाचा धनी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्याच्यावर नवी जबाबदारी टाकली आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाला घटनास्थळी बोलावून पुरावे गोळा करून घ्यावेत आणि त्या कामाचं चित्रीकरण करावं, असं कलम १७६(३) सांगतं. ही तरतूद अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ खाली येतं.

अधिकाऱ्याने कोणाला बोलवायचं हे घटनास्थळाकडे पाहून ठरवावं. बंद खोली असेल तर ठसे तज्ज्ञ आधी हवेत. उघड्या माळरानावर, मे महिन्याच्या उन्हात, डॉक्टरांना जागेवर बोलावणं जास्त मोलाचं ठरतं. श्वान पथक मागाची दिशा दाखवतं, त्यातून तपासाला वाट मिळते. मात्र न्यायालयं त्यावर फारसा भर देत नाहीत, कारण श्वानाची उलटतपासणी घेता येत नाही.

पंच निवडताना आळस नको. पोलीस ठाण्याच्या आसपास कायम उपलब्ध असणारा माणूस प्रत्येक पंचनाम्यावर सही करताना दिसला की बचाव पक्षाचं अर्धं काम तिथेच होतं. पंचाला सगळं दाखवावं, वाचून दाखवावं आणि मगच सही घ्यावी. पंचनाम्यात दिसलं ते लिहावं, वाटलं ते लिहू नये. 'भिंतीवर रक्ताचे डाग' हा निष्कर्ष झाला. 'भिंतीवर जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर लालसर तपकिरी डाग' हे निरीक्षण. तो डाग पानाच्या पिचकारीचाही असू शकतो, आणि आपल्याकडे बऱ्याचदा तो तसाच निघतो.

अधिकाऱ्याचा आणखी एक गुण फारसा शिकवला जात नाही, तो म्हणजे प्रश्न विचारता येणं. मुद्देमालासोबत प्रयोगशाळेला जे पत्र जातं त्यात 'तपासून अहवाल मिळावा' एवढंच असेल तर उत्तरही तेवढंच मोघम येईल. 'चाकूवरचं रक्त मानवी आहे का? असल्यास त्याचा डीएनए मृताशी जुळतो का? मुठीवर दुसऱ्या कुणाचा डीएनए आहे का?' असं विचारलं की विश्लेषकाला कुठला भाग आधी तपासायचा ते कळतं. घटनेची चार ओळींची हकीकत जोडावी. मात्र 'आरोपीने कबुली दिली आहे' असली वाक्यं त्यात टाकू नयेत. का, ते पुढे येईलच.

पायरी ३: टिपणारे आणि उचलणारे

छायाचित्रकार, नकाशा काढणारा, ठसे तज्ज्ञ, फॉरेन्सिक व्हॅनमधले वैज्ञानिक सहायक हे सगळे याच वेळी कामाला लागतात. क्रम ठरलेला असावा. आधी फोटो, मग नकाशा, मग उचलणं.

फोटो तीन अंतरांवरून काढायचे: पूर्ण परिसराचा, वस्तू आणि तिच्या आजूबाजूचा, आणि मग जवळून, मोजपट्टीसह आणि मोजपट्टीशिवाय. जवळच्या फोटोत कॅमेरा वस्तूला काटकोनात धरावा, नाहीतर बुटाच्या ठशाची लांबी चुकते. नकाशात उत्तर दिशा दाखवावी आणि प्रत्येक वस्तूचं अंतर दोन पक्क्या खुणांपासून मोजावं. रिकाम्या लेआउटमध्ये विजेचा खांब आणि प्लॉटचा सिमेंटचा दगड चालेल. उभी केलेली मोटरसायकल चालणार नाही, ती उद्या तिथे नसेल.

फ्रान्समधल्या ल्योन शहरात १९१० मध्ये पोलीस प्रयोगशाळा सुरू करणाऱ्या एडमंड लोकार्ड यांचं तत्त्व इथे सगळ्यांना पाठ असतं: दोन गोष्टींचा स्पर्श झाला की काहीतरी इकडून तिकडे जातं. विद्यार्थी ते आरोपीला लावतात आणि स्वतःला लावायचं विसरतात. मोजे, मास्क, डोक्याला टोपी, प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे, आणि पट्टीच्या आत तंबाखू-खर्रा नाही. खर्रा खाऊन थुंकणारा माणूस आपला डीएनए घटनास्थळी ठेवून जातो. विदर्भात ही सूचना वेगळी द्यावी लागते.

ठसे तज्ज्ञाच्या पावडरचा ब्रश एका वस्तूवरून दुसरीवर फिरताना पेशीही वाहून नेतो. त्यामुळे एकाच ग्लासवर ठसा आणि लाळ दोन्ही अपेक्षित असतील तर लाळेचा नमुना आधी कुठून घ्यायचा आणि पावडर कुठे मारायची, हे दोघांनी तिथेच बोलून ठरवावं. कागद असेल तर पावडर नको, तो पाकिटात जावा, प्रयोगशाळेत निनहायड्रिनने ठसे जांभळे उमटतात. अंगुलिमुद्रांचं शास्त्र आपल्याच देशात रुजलं. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचा विभाग उभा राहिला, आणि वर्गीकरणाच्या पद्धतीमागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय उपनिरीक्षकांची मेहनत होती. त्या दोघांनी हजारो पत्रिका हाताने लावल्या होत्या. ठसे तज्ज्ञाला आजही तसाच धीर लागतो, संगणकाने फक्त शोध वेगवान केला आहे.

बांधणीकडे जरा थांबून लक्ष द्या, कारण सर्वांत जास्त पुरावा इथे मरतो. रक्ताचे ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घातले की नागपूरच्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांत बुरशी येते आणि डीएनए नासतो. कपडे सावलीत, पंख्याशिवाय, स्वच्छ कागदावर वाळवावेत आणि कागदी पाकिटात भरावेत. उन्हात वाळत घालू नयेत, अतिनील किरणही डीएनए तोडतात. दोन कपडे एका पाकिटात नकोत. मृताचे आणि संशयिताचे कपडे एकाच माणसाने, एकाच टेबलावर, एकाच दिवशी हाताळू नयेत. चाकू पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून पक्का करावा. देशी कट्टा सापडला तर नळीत पेन घालून उचलायचा नाही, आतल्या खुणांना धक्का लागतो. गोळी झाडल्याच्या संशयात हातांवरचे नमुने पहिल्या काही तासांतच घ्यावेत, कारण शिसं, बेरियम आणि अँटिमनीचे ते कण हात धुतल्याने आणि नुसत्या वावरानेही निघून जातात. राखेच्या तपासात मात्र हा कागदाचा नियम उलटतो. पेट्रोल-रॉकेलचा संशय असेल तर हवाबंद डबाच हवा, कागदातून वास उडून जाईल.

पायरी ४: न्यायवैद्यक डॉक्टर

इन्क्वेस्ट, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा झाला, मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद दाखल झाली, देह शवागारात आला. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना महिलेचा मृत्यू झाला असेल तर कार्यकारी दंडाधिकारी लागतात, कोठडीतल्या मृत्यूत न्यायदंडाधिकारी. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह आणि घातपाताचा संशय यांना त्यातून वगळलं, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तर अपवाद. आपल्या प्रकरणात संशय आहे, म्हणून दिवसाच्या उजेडातच.

डॉक्टरांना सगळे पहिला प्रश्न विचारतात तो 'मृत्यू कधी झाला?' आणि नागपूरचा उन्हाळा या प्रश्नाची परीक्षा घेतो. पाठ्यपुस्तकातली सोपी पद्धत म्हणजे देह किती थंड झाला ते मोजणं. पण मे महिन्यात बाहेरची हवाच ३७ अंशांहून गरम असते, पारा ४५ च्या पुढे जातो. देह थंड होतच नाही, उलट तापू शकतो. शरीर ताठरण्याची क्रिया लवकर सुरू होते आणि लवकर ओसरते. आपली पाठ्यपुस्तकं उत्तर भारतासाठी तिचा काळ उन्हाळ्यात १८ ते ३६ तास आणि हिवाळ्यात २४ ते ४८ तास देतात. कुजण्याची हिरवट छटाही झपाट्याने येते. अशा वेळी माश्यांच्या अळ्या उपयोगी पडतात. सर्वांत मोठ्या अळ्या निवडून काही गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात, काही जिवंत ठेवाव्यात, आणि त्या ठिकाणचं तापमान लिहून घ्यावं. म्हणूनच पोलिसांनी घटनास्थळी सावली किती होती, देह कधी हलवला, शीतपेटीत कधी गेला, हे डॉक्टरांना कळवलं पाहिजे. ही माहिती नसेल तर डॉक्टर मोठा पल्ला देतील, आणि तेच प्रामाणिक उत्तर असेल. कुणी दबाव आणला म्हणून 'रात्री ११ ते ११.३०' असं लिहिणारा डॉक्टर तपासाचं नुकसान करतो.

दुसरा प्रश्न विषाचा. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात कीटकनाशकांच्या विषबाधा नेहमीच्या आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा सगळ्या देशाला ते कळलं. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषात डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, जठरातून रॉकेलसारखा किंवा लसणासारखा वास येऊ शकतो. त्यावर विसंबून मत देऊ नये, व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखावा. जठर आणि लहान आतड्याचा भाग एका बरणीत, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे दुसऱ्या बरणीत, रक्त वेगळं. परिरक्षक म्हणून साधारणपणे मिठाचं संपृक्त द्रावण वापरतात. काही आम्लांच्या विषबाधेत रेक्टिफाइड स्पिरिट वापरतात, पण दारूचा संशय असेल तर स्पिरिट अर्थातच चालत नाही. वापरलेल्या परिरक्षकाचा नमुनाही वेगळ्या बाटलीत पाठवावा. बरणी दोन-तृतीयांशच भरावी, वायूने झाकण उडतं. रक्तातल्या अल्कोहोलसाठी सोडियम फ्लोराइडची बाटली, डीएनएसाठी ईडीटीएची.

जिवंत माणसांची तपासणीही याच विभागाचं काम, आणि माझ्या मते ते शवविच्छेदनापेक्षा अवघड. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची तपासणी तिच्या संमतीनेच होते, अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे जावा असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८४ सांगतं. 'टू फिंगर टेस्ट' ही अशास्त्रीय आणि अपमानकारक तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये फेटाळली. या लढ्यात विदर्भाचा वाटा मोठा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांच्या अभ्यासाच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका उभी राहिली होती. न्यायवैद्यक डॉक्टरमध्ये कुठला गुण हवा असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो. चालत आलेली पद्धत चुकीची असेल तर ती कागदावर मांडून बदलायला लावण्याचं धैर्य हवं.

शवागारात मदत करणारे कर्मचारी कुठल्याच अहवालात दिसत नाहीत. देहाची ओळखचिठ्ठी, कपड्यांची नोंद, नातेवाइकांशी पहिला संवाद त्यांच्याकडे असतो. त्यांना प्रशिक्षण आणि मान द्या.

पायरी ५: मुद्देमाल सांभाळणारा आणि पोचवणारा

अधिकारी, डॉक्टर, वैज्ञानिक यांच्या नावांपुढे पदव्या असतात. मुद्देमाल कारकून आणि पुडकी घेऊन धंतोलीला जाणारा हवालदार यांच्यापुढे काही नसतं, तरी खटला त्यांच्यावर उभा असतो. प्रत्येक पुडक्याला क्रमांक, लाखेचं सील, सीलचा नमुना, आणि कोणाकडून कोणाकडे कधी गेलं याची तारीख-वेळेसह सही. मधली एक सही नसेल तर 'या तीन दिवसांत पुडकं कुठे होतं?' या प्रश्नाला उत्तर राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये डीएनए नमुन्यांसाठी देशभर निर्देश दिले: नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावा, आणि ताब्याची नोंदवही खटल्याचा निकाल लागेपर्यंत ठेवावी.

ठाण्यात फ्रिज नसेल, वीज जात असेल, सुट्ट्या लागून आल्या असतील, तर हे आधीच ओळखून सोय करणं हा या माणसाचा गुण. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही.

पायरी ६: प्रयोगशाळा

पुडकं आत घेताना पहिलं काम सील तपासण्याचं. तुटलेलं असेल तर परत पाठवायचं किंवा तशी नोंद करायची. मग ते विभागांत जातं: विषशास्त्र, रक्तद्रव आणि डीएनए, सामान्य रसायन, शस्त्र आणि दारूगोळा, सायबर. महाराष्ट्रात सगळे अजूनही 'सी.ए. रिपोर्ट'ची वाट बघतात, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची.

विश्लेषकाने प्राथमिक आणि खात्रीच्या चाचण्यांतला फरक जिवापाड जपावा. फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी गुलाबी झाली म्हणजे रक्त 'असू शकतं' एवढंच कळतं, काही भाज्यांतली विकरंही तोच रंग देतात. रक्त मानवी आहे हे पुढच्या चाचणीने ठरतं, आणि कोणाचं ते डीएनएने. १९८४ मध्ये ब्रिटनमधल्या लेस्टरला अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणसाची ओळख पटवण्याची पद्धत शोधली. तेव्हा भरपूर नमुना लागायचा, आज मोजक्या पेशी पुरतात. त्याचा तोटाही आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये चाळीसपेक्षा जास्त गुन्ह्यांत एकाच अज्ञात बाईचा डीएनए सापडत होता आणि पोलीस वर्षानुवर्षं तिला शोधत होते. २००९ मध्ये उलगडा झाला: तो डीएनए नमुना घ्यायच्या कापसाच्या काड्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगार स्त्रीचा होता. म्हणून कोरी काडीही तपासणीत ठेवायची, आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचे डीएनए नमुने तुलनेसाठी नोंदवून ठेवायचे.

दुसरा धोका मनातला. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटानंतर एफबीआयने पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा असल्याचं सांगितलं, त्यांच्या अनेक तज्ज्ञांनी त्याला दुजोरा दिला, आणि ते चूक निघालं. स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं. आधीच्या तज्ज्ञाचं उत्तर माहीत असलं की नंतरच्याला तेच दिसू लागतं. म्हणून 'आरोपीने कबुली दिली आहे' हे वाक्य पत्रात नको असं वर म्हटलं. पडताळणी करणाऱ्याला पहिला निकाल सांगू नये. आणि 'नमुना अपुरा, निष्कर्ष काढता येत नाही' असं लिहिण्यात विश्लेषकाला कमीपणा वाटू नये.

पायरी ७: सायबर तज्ज्ञ

मृताचा फोन चालू असेल तर तो बंद करायचा की नाही, हा पहिल्याच मिनिटाचा प्रश्न. बंद केला तर उघडायला पासवर्ड लागेल, चालू ठेवला तर दुरून माहिती पुसता येईल. फ्लाइट मोड किंवा लहरी अडवणारी पिशवी, चार्जिंगची सोय आणि केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद, हा मधला मार्ग. मूळ डिस्कवर थेट काम करायचं नाही. राइट ब्लॉकर, म्हणजे मूळ डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण, लावून प्रत काढायची, हॅश मूल्य, म्हणजे माहिती बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा, नोंदवायचं, आणि प्रतीवर काम करायचं.

सीसीटीव्हीत सगळे एक गोष्ट विसरतात, डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं घड्याळ. फुटेज घेताना डीव्हीआरवरची वेळ आणि खरी वेळ यांचा एकत्र फोटो काढा, फरक लिहा. पानठेल्याच्या कॅमेऱ्यात गाडी ९.४० ला दिसते आणि पुढच्या चौकात ९.२५ ला, अशी कोडी त्यातूनच निघतात. छोट्या दुकानांत जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे आधी फुटेज, मग बाकी चौकशी.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र दोन भागांचं आहे, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात हॅश लागतो. प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर यांच्या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात पक्की केली. सायबर तज्ज्ञाला यंत्र येणं पुरेसं नाही, अनोळखी माणसाचं खासगी आयुष्य समोर उघडं पडतं तेव्हा गुन्ह्याशी संबंध नसलेलं पाहून विसरता आलं पाहिजे.

पायरी ८: कधीकधी लागणारे

ओळख न पटलेल्या देहासाठी दंततज्ज्ञ आणि हाडांवरून वय-लिंग सांगणारे. मृत्युपत्रावरच्या सहीसाठी दस्तऐवज परीक्षक. मानसशास्त्रज्ञ, ज्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल लक्षात ठेवायचा: संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग नाही. स्फोट झाला तर नागपूरला एक वेगळेपण आहे. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालय इथेच आहे, आणि ज्यांचा अहवाल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली पुराव्यात वाचला जातो त्या तज्ज्ञांत मुख्य स्फोटक नियंत्रकही येतात. वाघाच्या संशयास्पद मृत्यूत पशुवैद्यक आणि वनाधिकारी पुढे असतात. कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेची खूण पंजावर किंवा तोंडावर शोधायची, हे पेंच-उमरेडच्या भागात काम करणाऱ्याला माहीत असावं लागतं.

पायरी ९: न्यायालय

सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल साक्षीशिवायही पुराव्यात घेता येतो, पण न्यायालय त्याला बोलावू शकतं. बोलावलं तर मूळ नोंदवही घेऊन जा. प्रश्न पूर्ण ऐका, न्यायाधीशांकडे पाहून उत्तर द्या, साध्या मराठीत बोला. 'माहीत नाही' आणि 'हे माझ्या क्षेत्रात येत नाही' ही दोन उत्तरं लाज न वाटता देता आली पाहिजेत. डॉक्टरांना 'ही जखम या चाकूने झाली का?' असं विचारलं तर 'अशा चाकूने होऊ शकते' एवढंच त्यांच्या हाती असतं. सरकारी वकिलाने तज्ज्ञाला साक्षीआधी भेटून अहवाल समजून घ्यावा, पण त्याच्या तोंडी शब्द घालू नयेत. तज्ज्ञ फिर्यादीचा नसतो, आरोपीचाही नसतो.

स्वतःसाठी जागा निवडताना

आता तुमचा विचार. प्रयोगशाळेची ओढ असेल तर रसायन, जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्राचा पाया पक्का करा. नागपुरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, तिथे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळतं. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाच्या संकुलाची पायाभरणी मे २०२५ मध्ये कामठी तालुक्यातल्या चिंचोलीला झाली. शवविच्छेदन करायचं असेल तर वाट एमबीबीएस आणि मग न्यायवैद्यकशास्त्रात एमडी अशी, बीएस्सी फॉरेन्सिकने तिथे जाता येत नाही. हे अनेकांना प्रवेश घेतल्यावर कळतं, म्हणून आधी सांगतो. तपास करायचा असेल तर एमपीएससीची पोलीस उपनिरीक्षक परीक्षा द्या. संगणकाची आवड असेल तर सायबर.

स्वभावही तपासा. वाट बघणं जमत नसेल तर प्रयोगशाळा त्रास देईल. माणसांशी बोलणं जड जात असेल तर ठाणं नको. रक्ताची भीती सवयीने जाते, पण चुकीची नोंद रेटून नेण्याची सवय जात नाही.

सराव आजपासून करता येतो. घरातल्या एका खोलीचा नकाशा दोन पक्क्या खुणांपासून मापं घेऊन काढा, वही मित्राला द्या आणि त्याला त्याच मापांनी वस्तू परत जागेवर लावता येतात का पाहा. कुठल्याही प्रसंगाचं अर्ध्या पानात वर्णन लिहा आणि 'बहुतेक', 'वाटलं', 'असणार' हे शब्द जिथे आलेत तिथली वाक्यं खोडा. मग सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा व सत्र न्यायालयात जाऊन डॉक्टर किंवा पंचाची उलटतपासणी ऐका. बहुतेक खटले खुल्या न्यायालयात चालतात, मागच्या बाकावर शांत बसायला कुणी अडवत नाही. मोबाइल बंद ठेवा, चित्रीकरण करू नका. लैंगिक अत्याचाराचे खटले बंद दाराआड चालतात, तिथे आत जाता येणार नाही.